वेबसाइट पानं मोजून घेऊ नका, कंपोनंट मागा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली आपल्या पेपरात आयटीतल्या नोकऱ्यांवर बरंच छापून येतंय, एआयमुळे कुणाचं काम जाणार, बारावीनंतर पोरांनी कुठला कोर्स करावा वगैरे, आणि त्यात एक गोष्ट सारखी वाचायला मिळते की आता डिझाइनचा स्क्रीनशॉट टाकला की वेबसाइटचा कोड आपोआप हातात येतो, तेव्हा फ्रंट-एंडवाल्यांचं, म्हणजे वेबसाइटचा डोळ्यांना दिसणारा भाग बनवणाऱ्यांचं, काही खरं नाही. मी बरीच वर्षं हेच काम करतोय, आधी पुण्यात कंपनीत आणि आता गावी राहून, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. पत्र लांबलंय, पण विषयच असा आहे की दोन ओळीत सांगून भागत नाही.

मला म्हणायचंय ते एवढंच. डिझायनरनं काढलेलं पान जसंच्या तसं कोडमध्ये उतरवणं सोपं होत चाललंय हे खरंय. पण त्या पानांमधून पुन्हा पुन्हा वापरता येतील असे भाग वेगळे काढणं, ज्यांना आम्ही कंपोनंट म्हणतो, हे काम वेगळं आहे, खरी अक्कल तिथं लागते, आणि आपल्याकडे ते ना नीट शिकवलं जातं ना कोणी मागतं. नगरपालिका असो, सहकारी बँक असो, शाळा असो, वेबसाइट घेताना सगळे पानं मोजतात. इतक्या पानांची साइट, इतके पैसे. मग पानंच मिळतात आणि दोन वर्षांत साइटची वाट लागते.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी तुमच्या पेपरचंच उदाहरण देतो. पान रोज नवं असतं, पण मास्टहेड, शीर्षकाचा टाइप, बायलाइन, चौकट, फोटोओळ हे सगळं आधी ठरलेलं असतं. रात्री पान लावणारा माणूस चौकटीची रेघ किती जाड हे रोज नव्याने ठरवत बसत नाही, आणि उद्या संपादकांनी ठरवलं की बायलाइन बोल्ड हवी तर ती एकदा बदलली की सगळीकडे बदलते. वेबसाइटमध्ये कंपोनंट म्हणजे हेच. बटण, फॉर्ममधला रकाना, बातमीचं कार्ड, तारीख, मेनू, प्रत्येक गोष्ट एकदाच नीट बनवायची आणि मग जिथं लागेल तिथं फक्त वेगळी माहिती देऊन वापरायची.

ही कल्पना काही आजची नाही. १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथं नाटोनं भरवलेल्या सॉफ्टवेअर परिषदेत डग्लस मॅकिलरॉय यांनी सॉफ्टवेअरचे तयार भाग कारखान्यासारखे बनले पाहिजेत असं मांडलं होतं. वेबवर मात्र हे यायला खूप वेळ लागला. फोटोशॉपच्या जमान्यात आमच्या कामाला पीएसडी टू एचटीएमएल म्हणायचे. डिझायनर फोटोशॉपची फाइल द्यायचा, तिचे तुकडे कापायचे, त्याला स्लाइसिंग म्हणत, आणि प्रत्येक पानाची एक एचटीएमएल फाइल बनवायची, म्हणजे ब्राउझरला समजेल अशा भाषेत पान लिहायचं. हेडर प्रत्येक फाइलमध्ये पेस्ट केलेला. पुढे सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी भाषेत एक फाइल दुसरीत ओढून घ्यायची इन्क्लुड नावाची सोय मिळाली, तिनं हेडर-फूटरचा प्रश्न सुटला पण पानाच्या मधला सगळा माल तसाच कॉपी-पेस्ट राहिला. मग २०११ मध्ये ट्विटरमधल्या दोघांनी बूटस्ट्रॅप हा तयार भागांचा संच बाहेर काढला, २०१३ मध्ये फेसबुकनं कंपोनंट जोडून पान बनवायचं रिॲक्ट हे साधन सगळ्यांसाठी खुलं केलं, २०१४ मध्ये तसंच व्ह्यू आलं, आणि आता तर ब्राउझरमध्येच कस्टम एलिमेंट नावाची सोय आहे, असलं कुठलंही तयार साधन (फ्रेमवर्क) न घेता स्वतःचा टॅग, म्हणजे एचटीएमएलमधला स्वतःचा शब्द, बनवता येतो. म्हणजे साधनांची कमतरता नाही. रिॲक्ट घेतलं म्हणून कंपोनंट होतात असंही नाही. अख्खं होम पेज एकाच फाइलमध्ये कोंबलेल्या रिॲक्टच्या साइट मी कितीतरी बघितल्यात, त्या जुन्या एचटीएमएलपेक्षा सांभाळायला अवघड.

मग हे काम करायचं कसं ते एका उदाहरणावरून सांगतो, कारण याबद्दल मोघम बोललं की सगळ्यांना पटतं आणि कोणी काही करत नाही.

समजा एका नगरपालिकेची साइट करायचीय. डिझायनरनं फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये होम पेज, निविदा, नोकरभरती, जाहीर सूचना, जन्म-मृत्यू दाखला, घरपट्टी आणि संपर्क अशी पानं काढून दिलीत. होम पेजवर ‘ताज्या सूचना’ म्हणून एक छोटा बॉक्स आहे, त्यात तारीख आणि शीर्षक. निविदांच्या पानावर टेबल आहे, त्यात निविदा क्रमांक, कामाचं नाव, शेवटची तारीख आणि पीडीएफची लिंक. भरतीच्या पानावर कार्डं आहेत, पदाचं नाव, किती जागा, शेवटची तारीख आणि कोपऱ्यात ‘नवीन’ असा लाल बिल्ला. तिन्ही दिसायला वेगवेगळी, आणि पान पान करत काम करणारा माणूस तिन्ही वेगवेगळी लिहून मोकळा होतो.

कोडला हात लावायच्या आधी सगळी पानं एका मोठ्या स्क्रीनवर शेजारी शेजारी लावावीत, नाहीतर सरळ प्रिंट काढून भिंतीवर चिकटवावीत, आणि पुन्हा येणाऱ्या गोष्टींभोवती पेननं गोल करत जावं. ब्रॅड फ्रॉस्ट नावाच्या अमेरिकन वेब डिझायनरनं २०१३ मध्ये यालाच इंटरफेस इन्व्हेंटरी म्हटलंय. हे केलं की दोन गोष्टी लगेच दिसतात. एक म्हणजे डिझायनरकडनं नकळत निळ्या रंगाच्या चार-पाच छटा आलेल्या असतात आणि बटणाचे कोपरे प्रत्येक पानावर थोडे वेगळे गोल असतात, ते त्याच्याशी बोलून तिथंच मिटवायचं. दुसरं जास्त महत्त्वाचं. वर सांगितलेल्या तिन्ही ठिकाणी खरं तर एकच गोष्ट आहे हे ध्यानात येतं. पालिका लोकांना काहीतरी कळवतेय, त्याला शीर्षक आहे, प्रसिद्ध झाल्याची तारीख आहे, बहुतेक वेळा मुदत आहे आणि सोबत एखादी फाइल आहे.

आता प्रश्न असा की तिन्हींचा मिळून एकच कंपोनंट करायचा का. नवीन मुलं इथं हमखास तसंच करतात, सूचना नावाचा एक कंपोनंट आणि त्याला बाहेरून द्यायच्या सूचना, ज्यांना प्रॉप्स म्हणतात, त्या वाढत जातात, टेबलमध्ये आहे का, कार्ड आहे का, बिल्ला दाखवायचा का, क्रमांक दाखवायचा का, होम पेजवर आहे का, आणि सहा महिन्यांनी त्या फाइलमध्ये ‘असं असेल तर हे, नाहीतर ते’ असे इतके इफ-एल्स झालेले असतात की हात लावायची भीती वाटते, कारण भरतीचं कार्ड दुरुस्त करायला जावं तर निविदांचं टेबल बिघडतं. माझ्या मते इथं टेबलची ओळ वेगळी आणि कार्ड वेगळं राहू द्यावं, त्यांची मांडणी खरंच वेगळी आहे आणि उद्या वेगवेगळ्या कारणांनी बदलणार आहे. पण त्यांच्या आतले छोटे भाग एकच असावेत. तारीख दाखवणारा एक कंपोनंट, मुदत सांगणारा एक, फाइलची लिंक दाखवणारा एक, बिल्ला एक. मुदतीचा कंपोनंट स्वतःच ठरवेल की आज कुठली तारीख आहे आणि ‘मुदत संपली’ दाखवायचं की ‘आज शेवटचा दिवस’. हा हिशोब तीन ठिकाणी तीन जणांनी लिहिला की होम पेजवर चालू दिसणारी निविदा आतल्या पानावर बंद दिसते, आणि त्या गोंधळात एखाद्या ठेकेदाराचा नाहीतर नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या पोराचा खराखुरा तोटा होतो.

दिसायला सारखं आहे म्हणून एक करू नये आणि दिसायला वेगळं आहे म्हणून वेगळं ठेवू नये. काय कारणानं बदलेल ते बघावं. घरपट्टीच्या पानावरचा थकबाकीचा चौकोन आणि भरतीचं कार्ड दोन्ही पांढरे, दोन्हींना तशीच सावली, तरी त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तिथं फार तर बाहेरची पांढरी चौकट एक असेल. खात्री नसेल तर दोनदा लिहिलेलं चालतं, तिसऱ्यांदा लागलं की एकत्र करावं. चुकीचं एकत्र केलेलं सोडवायला जास्त त्रास पडतो.

बाकी बारीकसारीक नियम आहेत ते पटकन सांगतो. कंपोनंटनं स्वतःच्या बाहेरची मोकळी जागा ठरवू नये, ती ज्या पानात तो बसतो त्यानं ठरवावी, नाहीतर दुसऱ्या पानावर नेला की सगळं सरकतं. नाव दिसण्यावरून ठेवू नये, ‘निळं कार्ड’ असं नाव दिलं आणि पुढच्या वर्षी पालिकेनं रंग बदलला की नाव खोटं पडतं, रंगांचं पण तेच, ‘लिंकचा रंग’, ‘इशाऱ्याचा रंग’ अशी नावं सीएसएसच्या, म्हणजे पानाचं दिसणं ठरवणाऱ्या भाषेच्या, व्हेरिएबलमध्ये एकदाच ठेवावीत. आणि फिग्मामध्ये जे नाव तेच कोडमध्ये असावं. फिग्मात आता कंपोनंट आणि व्हेरिएंट (एकाच कंपोनंटचे वेगवेगळे प्रकार) दोन्ही करता येतात, तरी बऱ्याच फाइली उघडल्या की आत फ्रेम ४२७, रेक्टँगल १२ असली नावं असतात, तिथून पुढे डिझायनर आणि डेव्हलपर एकमेकांशी काय बोलणार.

आता ज्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. डिझाइनच्या चित्रात नेहमी चांगला दिवस काढलेला असतो. सहा सूचना, सगळी शीर्षकं एका ओळीत मावणारी, सगळ्यांना फाइल जोडलेली. खऱ्या पालिकेत एखाद्या महिन्यात एकही निविदा नसते, तेव्हा टेबलच्या जागी काय दिसणार? नुसती पांढरी जागा दिसली तर माणसाला वाटतं साइट बंद पडली. गावातलं नेट हळू असतं, माहिती येईपर्यंत काय दिसणार? सर्व्हर बंद असला तर? फाइल जोडायची राहिली तर? मुदतवाढ मिळाली तर जुनी तारीख खोडून दाखवायची की नुसती नवी? शीर्षक ‘प्रभाग क्रमांक ७ मधील अमुक चौक ते तमुक शाळा रस्त्याचे काँक्रिटीकरण करणे व दोन्ही बाजूस आरसीसी गटार बांधणे (दुसरी मुदतवाढ)’ असं आलं तर? आणि ते असंच येतं, ज्यांनी निविदा वाचल्यात त्यांना माहितीये. कंपोनंट बनवणं म्हणजे या सगळ्या वेळांचा आधी विचार करून प्रत्येक वेळेचं उत्तर त्याच्यात भरून ठेवणं. ते चित्रात नसतं, ते डिझायनरला, पालिकेतल्या क्लार्कला, आस्थापना विभागातल्या बाईंना विचारून काढावं लागतं. यासाठी स्टोरीबुक नावाचं एक फुकट साधन आहे, श्रीलंकेतल्या अरुणोदा सुसिरिपाला यांच्या टीमनं २०१६ मध्ये सुरू केलेलं, आज जगभर वापरतात. त्यात प्रत्येक कंपोनंट एकटा, पानाच्या बाहेर काढून, त्याच्या सगळ्या अवस्थांमध्ये बघता येतो, रिकामा, भरलेला, चुकलेला, लांब शीर्षकाचा. पालिकेच्या अधिकाऱ्याला पण ते दाखवता येतं आणि तो लगेच सांगतो की हे आमच्याकडे असं नसतं.

आणि हे सगळं मराठीत तपासायला पाहिजे. आपल्याकडची बरीच डिझाइनं इंग्रजी नमुना मजकुरावर बनतात आणि मराठी शेवटच्या आठवड्यात ओतलं जातं. मग काय होतं ते सांगतो. इंग्रजी मथळा उठून दिसावा म्हणून डिझायनर अक्षरांमध्ये थोडी जागा सोडतो, तेच मराठीला लागलं की शिरोरेखा तुटते, प्रत्येक अक्षर वेगळं टांगल्यासारखं दिसतं. सगळी अक्षरं कॅपिटल करून महत्त्व दाखवलेलं असतं, देवनागरीत कॅपिटल हा प्रकारच नाही, तेव्हा ते महत्त्व गायब. दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशोबानं घट्ट ठेवलेलं असतं, तिथं वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी, रफार एकमेकांवर चढतात, आणि बटणाची उंची पक्की ठरवून जास्तीचं लपव असं सांगितलेलं असेल तर मात्रा चक्क वरून कापल्या जातात. शीर्षक लांब झालं की पहिली साठ अक्षरं दाखवून पुढे टिंबं द्यायची हा तर सगळ्यांचा आवडता उपाय, पण ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट भाषा अक्षरं मोजते ती आपण मोजतो तशी नाही, काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं, त्यामुळे ‘नोंदणी’ कापली जाऊन ‘नोंदण’ होते, ‘प्रमाणपत्र’ कापलं जाऊन शेवटी पाय मोडका त येतो. ब्राउझरमध्ये यासाठी, अक्षरं आपल्यासारखी मोजायला, इंटल सेगमेंटर नावाची सोय आहे, किंवा सरळ सीएसएसला ओळी मोजून कापायला सांगावं, मजकुराला हात लावू नये.

आणखी एक गोष्ट, छोटी आहे पण मला फार लागते. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे असं सांगायची एक जागा असते. ती बहुतेक वेळा इंग्रजीच राहिलेली असते. मराठी वळणाचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळा असतो, राज्य सरकारनं २००९ मध्ये शासन निर्णय काढून मराठीची वर्णमाला प्रमाण ठरवली त्यात हा विचार आहे, आणि काही चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही वळणं भरलेली असतात, पण भाषा मराठी सांगितली तरच ब्राउझर मराठी वळण उचलतो. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचा स्क्रीन रीडर, म्हणजे पान मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, तोसुद्धा याच खुणेवरून कुठल्या आवाजात वाचायचं ते ठरवतो. तारीख आणि रक्कम यांचं पण तसंच, ब्राउझरला मराठी-भारत असं लोकेल (भाषा आणि देशाची खूण) दिलं की तो आपणहून १२,३४,५६७ असे देवनागरी आकडे लाखाच्या हिशोबानं स्वल्पविराम देऊन दाखवतो, काही वेगळं लिहावं लागत नाही. हे सगळं कोणी प्रत्येक पानावर आठवणीनं करेल अशी अपेक्षाच चुकीची आहे. तारखेच्या कंपोनंटमध्ये एकदा, रकमेच्या कंपोनंटमध्ये एकदा, मथळ्याच्या कंपोनंटमध्ये एकदा. बस. मग साइटवर पाचशे सूचना चढोत नाहीतर पाच हजार.

दिव्यांग लोकांच्या दृष्टीनं तर हा विषय हौसेचा राहिलेलाच नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, केंद्र सरकारची सरकारी वेबसाइटसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली, आणि एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं स्पष्ट सांगितलं. आता पान पान करून बनवलेल्या साइटमध्ये हे पाळणार कसं? प्रत्येक सूचनेपुढे ‘येथे क्लिक करा’ असं लिहिलेलं असतं, स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला लिंकची यादी काढली की वीस वेळा ‘येथे क्लिक करा’ ऐकू येतं, कुठली लिंक कशाची काही कळत नाही. फाइल-लिंकचा कंपोनंट असेल तर तो फाइलचं नाव, पीडीएफ आहे हे आणि साइज किती हे न विसरता लिहितो, आणि चूक असलीच तर एका जागी दुरुस्त केली की सगळ्या साइटवर दुरुस्त होते. अक्षराचा रंग आणि पाठीमागचा रंग यांत निदान साडेचारास एक इतका फरक असावा असा आंतरराष्ट्रीय मापदंड आहे, तो रंगांच्या यादीत एकदा तपासला की झालं. बटण म्हणून साधा चौकोन रंगवून ठेवलेला असतो, माउसनं चालतो पण कीबोर्डनं त्याच्यापर्यंत पोचताच येत नाही. हे पण एकदाच नीट करायचं काम आहे.

बाहेर हे कोणी केलंय का, तर ब्रिटिश सरकारनं फार नीट केलंय. २०१२ मध्ये त्यांनी सरकारी माहितीच्या वेगवेगळ्या साइट एका ठिकाणी आणायला सुरुवात केली आणि २०१८ मध्ये त्यांचं डिझाइन सिस्टम, म्हणजे कंपोनंट आणि ते वापरायचे नियम यांचा संच, सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यात नुसता कोड नाही, प्रत्येक कंपोनंट कधी वापरावा, कधी वापरू नये, का, हे साध्या भाषेत लिहिलंय. जन्मतारखेचं उदाहरण सांगतो. आपल्याकडे जन्मतारीख विचारायला कॅलेंडर उघडतं आणि सत्तर वर्षांच्या आजींना १९५५ पर्यंत महिना महिना मागे जायला लागतं. त्यांच्याकडे दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने असतात, माणसाला पाठ असलेली तारीख सरळ टाइप करता यावी म्हणून, आणि कॅलेंडर कशासाठी ठेवावं तेही सांगितलंय. ते एकदा ठरलं आणि तिथल्या सरकारी सेवा ते वापरतात, प्रत्येक खात्यानं तेच परत शोधत बसायचं नाही.

आपल्याकडे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. केंद्र सरकारच्या एनआयसी या संगणक संस्थेनं सरकारी वेबसाइट बनवायची एस३वास नावाची व्यवस्था उभी केली, त्याच्यावर जिल्ह्यांच्या साइट चालतात, म्हणूनच एका जिल्ह्याच्या साइटवरून दुसऱ्या जिल्ह्याच्या साइटवर गेलात तर मेनू, सूचना, निविदा साधारण ओळखीच्या ठिकाणी सापडतात. हे चांगलं झालं. पण खाली उतरलं की चित्र बदलतं. राज्यात २९ महानगरपालिका आहेत, शेकडो नगरपरिषदा आणि नगरपंचायती आहेत, २७ हजारांहून जास्त ग्रामपंचायती आहेत. सगळ्यांकडे तीच सूचना, तीच निविदा, तोच दाखला, तीच घरपट्टी. आणि मी बघितलेल्या वेबसाइटच्या निविदांमध्ये ‘स्टॅटिक पेजेस इतकी, डायनॅमिक पेजेस इतकी’ (न बदलणारी पानं आणि माहितीप्रमाणे बदलणारी पानं) असा तक्ता असतो, त्याच्यावर दर भरायचा. एका ठिकाणी तर, नाव घेत नाही, जुन्या ठेकेदाराकडून सोर्स कोडच घेतलेला नव्हता, ब्राउझरमधून पानं सेव्ह करून नव्या साइटचं काम सुरू करावं लागलं. एकाच जिल्ह्यातल्या दोन शेजारच्या नगरपालिका तेच दाखल्याचं पान वेगवेगळ्या लोकांकडून पैसे देऊन दोनदा बनवून घेतात आणि दोन्हींमध्ये मराठीच्या मात्रा कापलेल्या असतात. हा आपला सगळ्यांचा पैसा आहे.

आता एआयबद्दल, कारण सुरुवात तिथून केली होती. मी पण ही साधनं वापरतो आणि वेळ वाचतो, त्याबद्दल तक्रार नाही. एका पानाचं चित्र दिलं तर पान मिळतं, दिसतं पण छान. पण निविदांचं टेबल आणि भरतीचं कार्ड यांच्यात मुदतीचा हिशोब एकच आहे हे त्या चित्रात कुठं लिहिलेलंय? दोन पानांची दोन चित्रं वेगवेगळी दिली की बहुतेक वेळा दोन वेगवेगळी बटणं बनून येतात. उलट तुमच्याकडे आधीच नीट नावं दिलेले, तपासलेले कंपोनंट असतील आणि हेच वापर असं सांगितलं तर तीच साधनं फार चांगलं काम करून देतात. म्हणजे हे कौशल्य आता जास्त लागणार आहे. कोर्स निवडणाऱ्या पोरांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी क्लासमध्ये जाऊन एवढं विचारावं की शेवटचा प्रोजेक्ट कसा तपासता. नुसतं हुबेहूब दिसतंय का एवढंच बघत असतील तर विचार करा. मला शिकवायची संधी मिळते तेव्हा मी मुलांना तीन पानांचं डिझाइन देतो, खऱ्या मराठी मजकुरासकट, आणि काम झाल्यावर सांगतो की आता मुदतवाढ दाखवायचीय. किती फाइली उघडाव्या लागल्या त्यावर मार्क. पहिल्यांदा बहुतेकांच्या डझनभर फाइली उघडतात, महिन्याभरानं एक किंवा दोन, आणि तेव्हा त्यांच्या तोंडावर जो फरक दिसतो तो बघून फार बरं वाटतं.

माझी नगरविकास खात्याला आणि नगरपरिषद प्रशासन संचालनालयाला विनंती आहे की स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मराठी कंपोनंटचा एक सामायिक संच एकदा बनवून घ्यावा आणि त्याचा कोड खुला ठेवावा, म्हणजे छोट्या नगरपंचायतीलाही तो फुकट वापरता येईल आणि कोल्हापूर, नांदेड, चंद्रपूरच्या कॉलेजातली पोरं पण त्यात सुधारणा पाठवतील. तोपर्यंत ज्या मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर वेबसाइटची निविदा आत्ता तयार होतेय त्यांनी पानांचा तक्ता काढून टाकावा आणि त्या जागी एवढं लिहावं: वापरलेल्या सगळ्या कंपोनंटची यादी आणि प्रत्येकाच्या रिकाम्या, भरलेल्या, चुकलेल्या अवस्था दाखवाव्यात, गेल्या वर्षभरातल्या पालिकेच्या खऱ्या सूचना टाकून मोबाइलवर तपासून द्यावं, माउसला हात न लावता नुसत्या कीबोर्डवर सगळे फॉर्म भरता आले पाहिजेत, सोर्स कोड आणि फिग्माची फाइल पालिकेच्या मालकीची राहील, आणि शेवटचं बिल देण्याआधी ठेकेदारानं अधिकाऱ्यांसमोर कार्यालयाचा पत्ता आणि फोन नंबर एकाच जागी बदलून सगळ्या साइटवर बदललेला दाखवावा.

आपला,
एक फ्रंट-एंड डेव्हलपर, जि. सांगली